हलक्या बिअरची बाजू

माझा मामा राज्य उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झाला आणि आता मुलुंड पूर्वेला राहतो. मी लीड्सला शिकत होते तेव्हा तिथल्या घराच्या स्वयंपाकघरात बिअर बनवायला शिकले. सध्या अंधेरीतल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत तेच काम करते. मामाला बिअर आवडते, पण हलकी, थंडगार आणि कडवटपणा जेमतेम असलेली. साध्या पिणाऱ्याला रुचेल अशी सौम्य, एल जातीची बिअर मुंबईच्या घरात बनवता येईल का, आणि बनवू द्यावी का, यावर आमचं एकमत होत नाही. तो वाद इथे मांडते आहे. मामाचं म्हणणं मी कुठेही सौम्य केलेलं नाही, कारण त्याने ते नोकरीत डोळ्यांनी पाहून बनवलं आहे.

मामा : आधी तुझ्या कामाचं बोलू. तुझ्याबरोबर अंधेरीला आलो, चार प्रकार चाखले. एक गढूळ, एकात संत्र्याची साल, एक कॉफी घातलेला, आणि एक इतका कडू की दुसरा घोट घेववेना. मी तरुणपणापासून हलकी बिअर पितो. माझ्यासारख्या माणसासाठी तुम्ही लोक काय बनवता?

मी : फार कमी बनवतो, आणि मला ते खटकतं. २००९ साली पुण्यात डुलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, २०१४ला डोंबिवलीच्या एमआयडीसीतून गेटवे ब्रुअरीची बिअर मुंबईत येऊ लागली, मग अंधेरी पश्चिमेला एकेक टॅपरूम उघडत गेलं. सगळ्यांना बाटलीतल्या बिअरपेक्षा वेगळं काहीतरी द्यायचं होतं. म्हणून गव्हाची बिअर, धणे, संत्र्याची साल, कॉफी, भरपूर हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं. ते लोकांना आवडलंही. पण मुलुंड-घाटकोपरला शनिवारी संध्याकाळी शेंगदाणे आणि तळलेल्या बोंबलाबरोबर एक ग्लास घेणारा माणूस त्यात मागे राहिला. त्याच्यासाठी मला साडेतीन-पावणेचार टक्क्यांची, फिकट सोनेरी, तहान भागवणारी एल हवी आहे.

मामा : साडेतीन टक्के? कोण घेईल? दुकानासमोर अर्धा तास उभी राहा. दहा जणांतले बहुतेक स्ट्राँगच मागतील. माइल्ड आणि स्ट्राँगच्या किमतीत फरक किती? थोडे रुपये. माणूस हिशोब करतो.

मी : त्याचा हिशोब मला मान्य आहे. माझाही ऐक. अन्नसुरक्षेच्या नियमांनी पाच टक्क्यांवर रेघ मारली आहे. त्याखाली हलकी, वर आठ टक्क्यांपर्यंत कडक. ६५० मिलीच्या आठ टक्क्यांच्या बाटलीत ५२ मिली शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये १३च्या आत. म्हणजे एक कडक बाटली म्हणजे चार पेग. तोच माणूस साडेतीन टक्क्यांची तेवढीच बाटली प्यायला तर पोटात २३ मिलीच्या आतच मद्यार्क जातो, दोन पेगांपेक्षाही कमी. आपल्याकडे बिअर म्हणजे सौम्य असं अजून घरोघरी मानतात. बाटलीतला माल मात्र केव्हाच बदलला.

मामा : हे मी सांगायला हवं होतं, तू सांगतेस. पण मग हलकी पिणारा दोनऐवजी चार पितो, त्याचं काय?

मी : काही जण पितील. पोटात किती मावतं यालाही सीमा आहे, आणि चौथ्या बाटलीला तो अजून बोलण्याच्या स्थितीत असेल. इंग्लंडमध्ये मी हे पाहिलं. लीड्स, बर्मिंगहॅम, मँचेस्टरच्या कामगारांची बिअर म्हणजे माइल्ड. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने निर्बंध घातले, बिअरची ताकद उतरली आणि ती तशीच राहिली. तीन-साडेतीन टक्के. भट्टीसमोर घाम गाळून आलेला माणूस ती पिऊन घरी चालत जाऊ शकत होता. १९५०च्या दशकापर्यंत तिथल्या पबमध्ये तिचाच खप मोठा होता. मग आधी कडवट बिटरने आणि नंतर लागरने तिला हटवलं. १९७१मध्ये स्थापन झालेली कॅम्रा ही ग्राहकांची संघटना आजही मे महिन्यात माइल्डसाठी मोहीम चालवते. आपल्या एलबीएस मार्गावर कारखाने होते तेव्हा पाळी सुटल्यावर त्या माणसाला काय मिळत होतं?

मामा : देशी. क्वार्टर. आणि तीही परवान्याच्या बारमध्ये बसला तर. नाहीतर झोपडपट्टीतलं फुग्यांतून आलेलं. ते मी पाहिलं आहे, त्याकडे येऊच. आधी बिअरचं बोल. इथे घरी थंड लागर कुठून जमणार?

मी : म्हणूनच एल. लागरचं यीस्ट दहा-बारा अंशांवर आंबवतं आणि नंतर बिअर कितीतरी आठवडे थंडीत ठेवावी लागते. एलच्या यीस्टला अठरा-वीस अंश पुरतात आणि पंधरा-वीस दिवसांत ग्लास भरता येतो. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात हेच घडलं. जर्मन लागर लोकांना आवडायला लागली तेव्हा तिथल्या एलवाल्यांनी आपल्याच यीस्टने, मक्याची भर घालून, फिकट आणि हलकी क्रीम एल काढली. लागर पिणाऱ्याला परकी वाटू नये, एवढाच तिचा हेतू होता. मला मुंबईसाठी नेमकं तेच हवं.

मामा : आणि मका कशाला? भेसळच ना ती?

मी : हा आक्षेप मीही तिथल्या पुस्तकी लोकांकडून खूप ऐकला. पण आपलं जव बघ. राजस्थान-हरियाणात पिकतं ते बहुतेक सहा ओळींचं. त्यात प्रथिनं जास्त आणि पिष्टाची साखर करणारी विकरंही जास्त. नुसत्या त्याच्या माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची बिअर केली तर जड लागते आणि थंड केल्यावर ढगाळ होते. तांदूळ किंवा मका घातला की प्रथिनांचं प्रमाण उतरतं, रंग उजळतो, आणि माल्टमधली जास्तीची विकरं त्या धान्याचीही साखर करून टाकतात. अमेरिकी बिअरवाल्यांनी हाच मार्ग धरला तेव्हा त्यांच्याही हातात सहा ओळींचं जव होतं. परदेशी पुस्तकं सांगतात की कच्चा तांदूळ वेगळा शिजवून घ्या, नाहीतर फ्लेक्स आणा. हे फ्लेक्स इथे प्रत्येक वाण्याकडे आहेत, मामा.

मामा : पोहे?

मी : पोहे. भात भिजवून, भाजून, चेपलेला. उष्णतेने त्याचं पिष्ट आधीच उमललेलं असतं, म्हणून वेगळं शिजवायला नको, थेट माल्टबरोबर गरम पाण्यात पडतात. चिवड्याचे मक्याचे पोहे घेतलेस तर क्रीम एलचा थेट जुना घाट येतो, किंचित गोडसर. मला जाडे तांदळाचे पोहे जास्त आवडतात, चव कोरडी आणि स्वच्छ येते. फक्त खारवलेले किंवा तळलेले नकोत. तेलाचा अंश आत गेला की फेस टिकत नाही.

मामाने इथे वही मागितली. त्याला आकडे कागदावर लागतात. मीही त्याला आमच्या इथे परवान्याखाली छोट्या भांड्यात पारखलेलं प्रमाणच सांगितलं. वीस लिटर बिअरला २ किलो ७०० ग्रॅम फिकट माल्ट, ६०० ग्रॅम जाडे पोहे, आणि रंगाला व गोलाईला १०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट. हे सगळं ६७ अंशांच्या पाण्यात तासभर. अंश महत्त्वाचा आहे. ६३-६४वर ठेवलं तर जवळजवळ सगळी साखर आंबते आणि इतकी हलकी बिअर पाण्यासारखी लागते. ६७वर काही न आंबणारी साखर मागे राहते आणि ग्लासात थोडा भरीवपणा येतो. मग गाळून आलेला गोड काढा तासभर उकळायचा. उकळी फुटताच हॉप्स टाकायचे, गोल्डिंग्ज किंवा फगल जातीचे, पाच टक्क्यांच्या आसपास आम्ल असलेले, २५ ग्रॅम. त्याहून जास्त नाही. द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सुरुवातीला १.०३६ दाखवतो, शेवटी १.००८च्या जवळ, म्हणजे ३.७ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क.

मामा : हॉप्स इतके कमी टाकून तुझ्या व्यवसायातले लोक हसत नाहीत?

मी : जे हसतात त्यांनी एकदा अशी बिअर बनवून दाखवावी. हॉप्स आणि कॉफीच्या आड बरंच काही लपतं. इथे लपायला जागाच नाही. वरणभातासारखं आहे हे. वरण करपलं तर पहिल्या घासाला कळतं. यीस्टला घाई केली तर हिरव्या सफरचंदाचा वास राहतो. आंबवण शेवटी नीट संपू दिली नाही तर लोण्याची चव येते. भांडं धुताना कसूर झाली तर आंबट. आणि नळाचं पाणी तसंच वापरलं तर क्लोरीन औषधी वास देतो, दवाखान्यातल्या पट्टीसारखा. मोठ्या कारखान्यांची हलकी लागर दरवेळी तशीच्या तशी निघते, हे कौशल्य मी मानते. त्या कारागिरांना नावं ठेवणाऱ्यांत मी नाही.

मामा : हे ऐकून बरं वाटलं. पाण्याचं मात्र मला पटत नाही. मुंबईचं पाणी चांगलं आहे. भांडुपचं संकुल आमच्या शेजारी आहे.

मी : चांगलंच आहे, या बिअरसाठी तर उत्तम. तानसा, वैतरणा, भातसा ही पावसाच्या पाण्याची धरणं, त्यामुळे पाणी मृदू. बर्टनच्या कठीण पाण्याने तिथली कडू पेल एल घडवली, पिल्झनच्या मृदू पाण्याने फिकट पिल्सनर. आपलं पाणी पिल्झनच्या बाजूचं आहे. ते आदल्या दिवशी उकळून ठेवलं की क्लोरीन उडून जातो. फक्त ज्या सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी टाकीत मिसळतात, तिथे आधी चव बघायची. मचूळ असेल तर त्या पाण्याच्या वाटेला जायचं नाही.

मामा : पाणी जमलं, पोहे जमले. आता उकाड्याचं सांग. मे महिन्यात माझ्या घरात रात्रीही तीस अंश असतात.

हाच मुंबईच्या घरगुती बिअरचा खरा अडथळा आहे, आणि मामाने तो बरोबर पकडला. तीस अंशांवर साधं एल यीस्ट पिसाळल्यासारखं काम करतं. दोन दिवसांत आंबवण संपते, पण ग्लासात पिकल्या केळ्याचा आणि थिनरचा वास येतो. मसालेदार, दाट बिअरमध्ये तो काही अंशी खपून जाईल. ३.७ टक्क्यांच्या एलमध्ये तो एकटाच उरतो. घरच्या बिअरने डोकं धरतं अशी जी तक्रार असते, तिच्यामागे बहुधा अशी उकाड्यात आंबलेली बिअर असते. उपाय दोन. एक, मासळीवाल्याकडची थर्माकोलची मोठी पेटी घेऊन त्यात आंबवणाचं भांडं ठेवायचं आणि बर्फाच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. सुरुवातीचे तीन-चार दिवस वीस अंशांच्या आसपास राखले की मोठा धोका टळतो. दुसरा उपाय नॉर्वेच्या शेतकऱ्यांकडून आलेला आहे. तिथल्या घरगुती बिअरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं क्वाइक नावाचं यीस्ट तीस-पस्तीस अंशांवरही स्वच्छ काम करतं. त्याचे काही प्रकार संत्र्याचा गंध देतात, काही जवळजवळ काहीच देत नाहीत आणि हलक्या बिअरला तेच हवे. एवढंच की काढा पातळ असला की क्वाइकला पोषण कमी पडतं, म्हणून यीस्टचं खाद्य थोडं घालावं लागतं. बर्फाळ नॉर्वे आणि घामाने भिजलेली मुंबई यांची या एका यीस्टवर गाठ पडते, याचा मला फार आनंद होतो.

मामा : आणि बाटली फुटली तर? मुलुंडच्या दोन खोल्यांत कुणाच्या डोळ्यात काच गेली तर?

मी : म्हणून हायड्रोमीटर. सलग दोन-तीन दिवस आकडा हलला नाही की मगच बाटली भरायची. वीस लिटरला साधारण ११० ग्रॅम साखर, पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये सारखी मिसळून. अंदाजाने चमचा-चमचा टाकणारा बाटल्या फोडतो. बाटली जाड काचेची, बिअरचीच. याला मी सूट देत नाही.

मामा : ठीक. तुझी बिअर मला पटली. आता माझं ऐक. डिसेंबर २००४, विक्रोळी. ऐंशीहून जास्त माणसं विषारी दारूने गेली. मी तेव्हा खात्यात होतो. जून २०१५, मालाडची मालवणी. शंभराहून जास्त. रुग्णालयाच्या दारात बायका बसल्या होत्या, आतल्यांपैकी काहींची दृष्टी गेलेली. हे बघितलेल्या माणसाला तू सांगतेस, घरोघरी दारू बनवू द्या. १९४९च्या दारूबंदी कायद्याचं कलम ६५ परवान्याशिवाय दारू बनवणाऱ्याला तुरुंगात पाठवतं. ते कलम कुणाच्या छंदाला आडवं येत असेल, पण ते माणसांच्या जिवासाठी आहे.

मी : मामा, त्या माणसांबद्दल मी हलकं बोलणार नाही. पण त्यांना कशाने मारलं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मालवणीत लोकांनी प्यायलं ते औद्योगिक मिथेनॉल होतं, रसायन म्हणून विकायचं, दारू म्हणून विकलेलं. धान्य यीस्टने आंबवलं की इथेनॉल होतं. मिथेनॉल त्यात नगण्य असतं, आणि बिअर गाळून-उकळून अर्क काढलेली नसतेच. माझ्या वीस लिटरमध्ये कुणाला आंधळं करील असं काही तयार होत नाही. बिघडली तर आंबट होते, फेकून द्यायची.

मामा : तुझ्या वीस लिटरमध्ये नाही. तुझ्या वीस लिटरच्या नावाखाली शेजारच्या गल्लीत जी भट्टी लागेल तिच्यात. कायदा चांगल्या माणसाकडे बघून लिहीत नाहीत. तपासणीला गेलेल्या शिपायाला पिंप दिसतं. त्यात पोह्याची एल आहे की गुळाचं रसायन, हे त्याने दारात उभं राहून कसं ठरवायचं?

या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही ते सोपं आहे असं मी म्हणणार नाही. मी त्याला इतर देशांचं सांगितलं. ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवायला १९६३पर्यंत परवाना लागत होता, त्या वर्षी अर्थसंकल्पात तो काढून टाकला. अमेरिकेत दारूबंदी १९३३ला उठली, पण घरच्या बिअरला केंद्राची मोकळीक १९७८च्या कायद्याने मिळाली. एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर दोनशे, विक्रीला मनाई. दोन्ही देशांनी ही मोकळीक देताना घरी अर्क काढायची बंदी कायम ठेवली. आपल्या राज्यानेही सगळ्या मद्यांना एकाच मापाने मोजलेलं नाही. सौम्य बिअरला वयाची अट २१ आणि कडक मद्याला २५. नाशिकच्या द्राक्षांसाठी २००१चं वेगळं धोरण झालं आणि वाइनला मोकळी वाट मिळाली. उपनगरांच्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी नाताळची वाइन घरची रीत म्हणून जपली. म्हणजे सौम्य आणि कडक यांत फरक करणं आपल्या कायद्याला आणि समाजाला परकं नाही.

मामा : अमेरिकेत शेजारी अर्ध्या एकरावर राहतो. इथे भिंतीपलीकडे.

मी : म्हणून अमेरिकेएवढं मागत नाही. पाच टक्क्यांच्या आतली, आंबवलेली बिअर. घरटी महिन्याला वीस लिटर. विक्री नाही, पैसे घेऊन वाटणं नाही. अर्क काढायचं कुठलंही उपकरण सापडलं तर आजच्यासारखीच शिक्षा. आणि वार्षिक नोंदणी, जशी पिण्याच्या परवान्याची असते तशी, म्हणजे तुझ्या शिपायाच्या हातात यादी राहील. यादीतल्या घरात तपासायला त्याच्याकडे एक हायड्रोमीटर आणि वर्गातला एक धडा पुरेल.

मामा बराच वेळ वहीतले आकडे बघत होता. त्याचं मत बदललं असं मी लिहिणार नाही, कारण ते बदललेलं नाही. तो म्हणाला, "नोंदणीची अट पहिल्या ओळीत घाल. ती नसेल तर मी विरोधातच उभा राहीन. ती असेल तर तुझ्या अर्जाचा मसुदा मी तपासून देतो."

मी तो अर्ज लिहिते आहे. या अटींवर घरगुती सौम्य बिअरला मोकळीक द्यावी, असं माझं ठाम मत आहे. जो माणूस पोहे आणि माल्ट मोजून, पंधरा-वीस दिवस थांबून ३.७ टक्क्यांची एल बनवतो, त्याच्यापासून विक्रोळी किंवा मालवणी घडत नाही.

तोवर वाचकांना विनंती. आजच्या कायद्यात घरच्या बिअरला अपवाद नाही, म्हणून हे वाचून बोरिवलीत किंवा घाटकोपरला कुणी पातेलं चढवू नये. अंधेरीत, पुण्यात कुठल्याही टॅपरूममध्ये गेलात तर चार टक्क्यांखालची बिअर आहे का, असं विचारा. ती नसेल तर का नाही, तेही विचारा. आम्ही बनवणारे लोक मागणीकडे बघूनच टाक्या भरतो.